बार्शी लाइट आणि घरातली ट्रंक



आगगाडीचे वेड असलेली माणसे तुमच्याही पाहण्यात आली असतील. फलाटाच्या अगदी टोकाला कॅमेरा घेऊन उभी असतात. त्यांना कुठे जायचे नसते, कुणाला पोचवायलाही ती आलेली नसतात. गाडी येते, फोटो निघतो, वहीत इंजिनाचा नंबर आणि वेळ टिपली जाते आणि मंडळी चहा पिऊन घरी जातात. त्यांत बँकेतले कारकून असतात, डॉक्टर असतात, अकरावीतली पोरे असतात. घरच्यांना हा सगळा रिकामा उद्योग वाटतो.

यांच्यातच एक वेगळा गट आहे. तो चालू गाड्यांपेक्षा बंद पडलेल्या गाड्यांच्या मागे असतो. रूळ उखडलेत, स्टेशनाच्या खोलीत बाभूळ उगवलीय, अशा जागी जाऊन ही माणसे उरलेल्या एखाद्या मोरीचा फोटो काढतात. मग तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा, त्याच मोरीवरून गाडी जात असतानाचा फोटो मिळवून शेजारी ठेवतात आणि त्यावर तासन् तास बोलतात. आपल्या महाराष्ट्रात या लोकांची सर्वांत लाडकी गाडी कोणती, तर बार्शी लाइट.

सोलापूर, लातूर, उस्मानाबाद, सांगली या भागांतल्या आमच्या वाचकांना हे नाव सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मुंबई-सोलापूर ही मोठी लाइन बार्शी शहराला वीसेक मैल लांब ठेवून गेली होती. कापूस आणि गळिताच्या धान्याची एवढी मोठी पेठ, पण माल स्टेशनापर्यंत न्यायचा तो बैलगाडीने. कुर्डुवाडी स्टेशनाचे नावच तेव्हा ‘बार्शी रोड’ होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तिथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी लाइन टाकली आणि ती १८९७ साली सुरू झाली.

कॅलथ्रॉपचा विचार साधा होता, पण त्या काळी तो नवा होता. रूळ हलके ठेवायचे असतील तर गाडीचे वजन जास्त चाकांवर वाटून टाकायचे. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ स्वस्त, पूल स्वस्त, आणि तरी डबे चांगले ऐसपैस करता येतात. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी इंजिने बनवली. हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळच थोडा रूळ टाकून त्यांची चाचणीही झाली. पुढे लाइन वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सगळी मिळून २०२ मैल. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेईपर्यंत ती खासगी कंपनीचीच होती.

(हेच कॅलथ्रॉपसाहेब उतारवयात विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागले. काही माणसांना स्वस्थ बसवतच नाही.)

आता एक प्रश्न पडेल. बार्शी लाइटचे जुने चांगले फोटो पाहिले तर त्यांतले कितीतरी परदेशी पाहुण्यांनी काढलेले असतात. इंग्लंडहून माणूस उठून कुर्डुवाडीला कशाला येईल? त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे १९६८ साली ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने कायमची बंद केली. ज्यांना वाफेच्या इंजिनाचा ध्यास होता त्यांना ते चालू पाहायचे तर हिंदुस्थानात यावे लागे. दुसरे कारण आणखी गमतीचे आहे. बार्शीचे काम पाहून इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या लोकांनी कॅलथ्रॉपलाच बोलावले आणि तशीच अडीच फुटी लाइन आपल्या डोंगरातल्या खोऱ्यात टाकून घेतली. लीक अँड मॅनिफोल्ड असे तिचे नाव. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली, पुरी तीस वर्षेसुद्धा चालली नाही. रूळ काढल्यावर तिच्या वाटेवर लोकांना चालायला रस्ता केला गेला, तो आजही आहे. त्या एवढ्याशा लाइनीवर तिथल्या लोकांनी पुस्तके लिहिली, नकाशे केले. आणि मग त्यांना त्यांच्या गाडीची थोरली बहीण पाहायची ओढ लागली. ती बहीण आपल्याकडे, बार्शीत.

आपण त्या थोरल्या बहिणीचे काय केले? चेष्टा केली. बार्शी लाइट म्हटले की एकच विनोद ठरलेला. चालत्या गाडीतून उतरावे, आपले काम उरकावे आणि पळत येऊन पुन्हा त्याच डब्यात चढावे. हा विनोद शकुंतलेवरही सांगतात, पाचोऱ्याच्या गाडीवरही सांगतात. आम्हाला त्याचा कंटाळा आला आहे. गाडी हळू होती हे खरेच. पण त्या विनोदापलीकडे त्या गाडीविषयी आपल्या घरांत दुसरे काही बोललेच जात नाही. सव्वाशे वर्षांची गोष्ट एका विनोदात उरकली जाते.

परदेशी पाहुण्यांचे आणि आपल्याकडच्या शौकिनांचे फोटो आम्ही अलीकडे बरेच पाहिले. फार सुरेख आहेत. सकाळचे तिरपे ऊन, इंजिनाच्या पितळेवर पडलेली चमक, मागे ज्वारीचे रान. खाली टीप इतकी काटेकोर की बघत राहावे. इंजिनाचा वर्ग, नंबर, कारखाना, साल, गाडी कुठून कुठे चालली होती, तारीख, वेळ. फक्त एक गोष्ट नसते. इंजिनाच्या दारात हात टेकून उभा असलेला, डोक्याला रुमाल बांधलेला, हसणारा माणूस कोण, ते लिहिलेले नसते. पाहुण्याला भाषा येत नव्हती, त्याचा दोष नाही. पण आज ते नाव सांगू शकणारे लोक आहेत, आणि ते आपल्या मोहल्ल्यांत आहेत.

कुर्डुवाडी, दौंड, मनमाड, भुसावळ, मिरज ही गावे रेल्वेने वाढवली. तिथल्या मुस्लिम वस्त्यांमध्ये असे घर विरळा, ज्यात कुणी फिटर, फायरमन, पॉइंट्समन, गँगमन किंवा हमाल झाला नाही. कुर्डुवाडीला तर छोट्या लाइनीचा वर्कशॉप होता आणि दोन रुळांचा संगम होता. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत चढवायचा, मोठीतला छोटीत. प्रत्येक पोते माणसाच्या पाठीवरून जायचे. ही माल बदलण्याची कटकटच पुढे छोट्या लाइनींच्या मुळावर आली. ट्रक दारातून माल उचलून दारात टाकू लागला, १९४८ पासून एस.टी. सुरू झाली आणि प्रवासीही हळूहळू तिकडे गेले. पण ती कटकट होती तोवर कित्येक घरांच्या चुली तिच्यावर पेटत होत्या.

आमच्या नात्यातल्या एका घराशेजारी असेच एक बुजुर्ग राहतात. फायरमन म्हणून लागले, ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने त्यांना मोबाइलवर बार्शी लाइटचा एक फोटो मोठा करून दाखवला. इंजिनातून काळ्याकुट्ट धुराचा लोट निघालेला, आभाळ निम्मे झाकलेले. मुलगा म्हणाला, “चाचा, काय जबरदस्त फोटो आहे ना?” चाचांनी चष्मा वर-खाली करून पाहिला आणि म्हणाले, “इत्ता काला धुवां? फायरमन नवा असंल. नायतर फोटोवाल्यानं चहापाण्याला दिलं असंल.”

मग त्यांनी समजावून सांगितले. काळा धूर म्हणजे न जळता वर गेलेला कोळसा. चांगला फायरमन एकदम फावडे भरून टाकत नाही. थोडा थोडा, आगीवर सगळीकडे पातळ पसरेल असा टाकतो आणि भट्टीचे दार लगेच लावतो. धूर फिका राखाडी दिसला पाहिजे. काळा धूर निघाला की ड्रायव्हर शिव्या देणार आणि कोळशाचा हिशेब द्यावा लागणार तो वेगळाच. चाचांचा अंदाज बरोबर होता. फोटो उठावदार यावा म्हणून मुद्दाम काळा धूर सोडायला लावण्याची चाल जगभरच्या शौकिनांत आहे. ज्या गोष्टीला फोटो काढणारा सौंदर्य म्हणतो ती चाचांच्या लेखी कामातली चूक. एवढी एक गोष्ट कळल्यावर आम्ही पूर्वी पाहिलेले सगळे फोटो पुन्हा एकदा काढून पाहिले.

मुलाने मग विचारले, रमजान उन्हाळ्यात आला की भट्टीसमोर रोजा कसा करायचात? चाचा म्हणाले, सगळ्यांना जमायचे नाही, कुणी कुणाला बोलायचे नाही. ते स्वतः धरत. इफ्तार कुठे होईल ते वेळापत्रकावर. कधी सांगोला, कधी दोन स्टेशनांच्या मध्ये माळावर. त्यांचे एक ड्रायव्हर पंढरपूरकडचे होते, माळकरी. मगरिबची वेळ झाली की ते काही न बोलता चाचांच्या हातातले फावडे घेत आणि पुढच्या स्टेशनापर्यंत स्वतः कोळसा टाकत. आषाढीला यात्रेच्या जादा गाड्या सुटत, तेव्हा एकादशीच्या दिवशी चाचा त्यांना बसवून ठेवत. ही गोष्ट कोणत्या फोटोत सापडेल? चाचांनी ती घरातसुद्धा कधी सांगितली नव्हती. त्यांचा मुलगा शेजारी बसून ऐकत होता, तो म्हणाला, “अब्बा, हे तुम्ही कधी बोललाच नाहीत.” चाचा म्हणाले, “तुम्ही विचारलं कधी?”

फोटोंची दुसरी उणीव अशी की ते सगळे बाहेरून काढलेले असतात. साहजिक आहे, गाडीचा फोटो काढायचा तर गाडीबाहेर उभे राहावे लागते. पण डब्याच्या आत अर्ध्या बाया होत्या. आमच्या माहितीतल्या एक नानी लातूरच्या माहेरहून मिरजेला दिल्या. म्हणजे लाइनीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या त्या याच गाडीने, कुर्डुवाडीला बदलून. त्यांना इंजिनाचा नंबर माहीत नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांना आठवते ते असे. कुर्डुवाडीला रात्री पुढच्या गाडीची वाट पाहत पत्र्याच्या ट्रंकेवर बसून राहायचे. डब्यात दिवा असला तर असला. पंढरपूरला चढणाऱ्या बायकांच्या ओच्यात चुरमुरे-बत्तासे असत आणि त्या आधी लेकराच्या हातावर ठेवत, मग नाव-गाव विचारत. सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ ही नावे नानी अजून न चुकता म्हणतात, कारण प्रत्येक स्टेशन आले की मिरज तेवढे जवळ येई. जाताना तेच उलटे म्हणत असत आणि लातूर जवळ येई. “जातानाची गाडी जोरात पळायची,” असे नानी सांगतात.

अशा सोयरिकी एकट्या नानींच्या नाहीत. बार्शीची मुलगी ढोकीला, लातूरची पंढरपूरला, मिरजेची कुर्डुवाडीला. तुमच्या खानदानाचे नातेवाईक कुठे कुठे आहेत ते एकदा कागदावर मांडून पाहा. त्या भागातले असाल तर जुन्या लाइनीची स्टेशनेच त्या कागदावर उमटतील. मुलगी देताना बाप पहिल्यांदा विचारायचा तो हाच, की गाडी जाते का. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसाला जाणारी घरे आणि उस्मानाबादच्या ख्वाजा शम्सुद्दीन गाझींच्या उरुसाला येणारी घरे एकमेकांना याच डब्यांत भेटली आणि पुढे नाती जुळली, असे सांगणारे वडीलधारे आजही आहेत.

या लाइनीविषयी आणखी एक गोष्ट शौकिनांच्या वह्यांत अगदी ओझरती येते. १९४८ पर्यंत ही गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती. बार्शी इंग्रजी मुलखात, तर ढोकी, लातूर निजामाच्या. पलीकडे हाली सिक्का, अलीकडे कलदार. निजामाच्या जकातीला करोडगिरी म्हणत. सामान उघडून दाखवावे लागे ही आठवण ज्यांच्या तोंडून ऐकावी अशी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. आणि मग सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमानांवर जे गुदरले त्यात उस्मानाबाद जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक होता, असे पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवले आहे. लातूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. काही घरांत ‘बार्शी लाइट’ म्हटल्यावर बुजुर्ग गप्प होतात, ते का, याचे उत्तर कधी कधी इथे असते. अशा वेळी खोदून विचारू नये. सांगायचे असेल ते स्वतः सांगतील. सांगितले तर मात्र मध्ये न बोलता ऐकावे, आणि ज्या हिंदू शेजाऱ्याने दार उघडले किंवा स्टेशनापर्यंत सोबत केली त्याचेही नाव त्यात असेल, तेही लिहून ठेवावे.

बार्शी लाइट आता नाही, असे म्हणायचे की आहे, हा एक वादच आहे. १९९२ साली सगळ्या लाइनी एकाच रुंदीच्या करायचे धोरण आले आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने ही लाइन मोठी झाली. काही ठिकाणी वाट बदलली. जुनी लाइन उस्मानाबाद शहराला बाजूला टाकून जात होती. नवी शहरापर्यंत गेली, त्यामुळे येडशीकडचा जुना मार्ग काही ठिकाणी रानात हरवला. शौकीन मंडळी याबद्दल हळहळतात. आमचे मत वेगळे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला पोचली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, जवळपास पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. देशभर बातम्या झाल्या, पण ही गाडी टोकापासून टोकापर्यंत बार्शी लाइटच्याच वाटेने आली हे क्वचितच कुणी म्हटले. अडीच फुटी रूळ राहिले असते तर एवढे पाणी तसे आले नसते. लाइन मोठी झाली ते चांगलेच झाले. वाईट एवढेच झाले की रूळ उचलताना त्यांच्यावर आयुष्य काढलेल्या माणसांकडे जाऊन कुणी चार शब्द टिपून घेतले नाहीत.

विदर्भातल्या वाचकांची गोष्ट उलटी आहे. तिथे छोटी गेली आणि मोठी आलीच नाही. मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, दुसरा अंजनगाव करत अचलपूरला, आणि पुलगाव-आर्वी हा तिसरा तुकडा. किलिक निक्सन या कंपनीने उभी केलेली ही सगळी छोटी लाइन वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी होती. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी हिची मालकी कंपनीकडेच राहिली. लोक तिला शकुंतला म्हणतात. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिथे १९९४ पर्यंत ओढत होते. शेवटी शेवटी स्टेशनांवर माणूसच नसे. गार्डच तिकीट द्यायचा, गाडीवरचेच लोक उतरून फाटक लावायचे आणि उघडायचे. अचलपूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा इथल्या आपल्या घरांमध्ये शकुंतलेची आठवण अजून ताजी आहे. खानदेशात पाचोरा-जामनेर, म्हणजे लोकांची ‘पीजे’, २०२० पर्यंत धावत होती. ५६ किलोमीटरची गाडी. शेंदुर्णी आणि पहूरची आज कॉलेजात असलेली मुले तिच्यातून गेलेली आहेत. या मुलांनी आजच लिहायला बसावे. चाळीस वर्षांनी कुणी विचारेल याची वाट पाहू नये.

नागपूरला मोतीबागेत २००२ पासून छोट्या लाइनीचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जरूर जावे, इंजिनावर हात ठेवू द्यावा. पण संग्रहालयात इंजिन ठेवता येते, चाचांचा रोजा तिथे कुठून ठेवणार? तो घरात आहे. घरात म्हणजे बहुतेक वेळा पलंगाखालच्या ट्रंकेत.

तर या सुट्टीत ती ट्रंक उघडा. आत काय काय सापडेल ते सांगतो. जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट, एखादा पास, पगाराची चिठ्ठी, सर्व्हिस बुक, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, बदलीचा हुकूम, निवृत्तीच्या दिवशी हार घालून काढलेला ग्रुप फोटो. यातले काहीही रद्दीत देऊ नका. जुन्या नोकरीचे सरकारी कागद किती कामाला येतात हे आजच्या दिवसांत वेगळे सांगायला नको. आठवणींसाठी नसेल तर त्यासाठी तरी जपा.

फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नका, आहे तसाच त्यावरून दुसरा फोटो घ्या. खिडकीजवळ, सावलीत, वरून सरळ, फ्लॅश न लावता. फोटोच्या मागची बाजूही टिपून घ्या, तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते. मागे नावे लिहायची तर बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहा. डावीकडून उजवीकडे, एकेक नाव. ज्याचे नाव कुणालाच आठवत नाही त्याच्यापुढे जागा मोकळी सोडा. शेजारच्या घरातला फोटो पाहून ती भरली जाते, असे आम्ही दोन-तीनदा पाहिले आहे. आणि ग्रुप फोटोतल्या सगळ्यांची नावे घ्या, फक्त आपल्या आजोबांचे नको. शेडमध्ये सगळे एकत्र होते.

विचारायचे कसे, हेही सांगतो. “तुमच्या वेळची काही आठवण सांगा” असे म्हटले की बुजुर्ग “काय सांगायचे, दिवस गेले” म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी छोटे, नेमके विचारा. डबा कोण बांधून द्यायचे? रात्रपाळीला निघताना दार कोण लावून घ्यायचे? पहिला पगार किती आणि कुणाच्या हातात दिला? कुठल्या स्टेशनचे पाणी गोड होते? आजोबांना इंजिनाविषयी विचारा, पण दादी-नानींना वेगळे बसवून विचारा, कारण आजोबा शेजारी असले की त्या “त्यांनाच विचारा” म्हणतात. ज्या शौकिनाकडे जुना फोटो आहे तो त्यांच्यासमोर ठेवलात तर फारच उत्तम. ही मंडळी फोटो दाखवायला कधी नाही म्हणत नाहीत. उलट फोटोतल्या माणसाचे नाव सांगणारा कुणी भेटला की त्यांना ईद झाल्यासारखे होते.

जमलेले आमच्याकडे पाठवा. एका पानाचे असले तरी चालेल, अक्षर कसेही असो. बुजुर्ग दखनीत किंवा उर्दूत बोलत असतील तर त्यांचे शब्द तसेच देवनागरीत उतरवा, शुद्ध करत बसू नका. लाइनीचे नाव, स्टेशन आणि अंदाजे साल एवढे मात्र वर लिहा. फोटोची मूळ प्रत टपालाने पाठवू नका, तिचा फोटो काढून पाठवा. मूळ प्रत परत ट्रंकेतच जाऊ द्या, डांबराची गोळी फोटोला लागणार नाही अशी.